भुलीचं कोणतं औषध मागू?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय २९. ३४ वा आठवडा चालू आहे. पहिला मुलगा साडेतीन वर्षांचा, तो सीझरने झाला. तेव्हा कमरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले, पण पोटावर काम सुरू झालं तेव्हा मला दुखत होतं. नुसतं ओढल्यासारखं नव्हे, खरंच दुखत होतं. सांगितलं तर 'होतं असं, जरा सोस' म्हणाले. बाळ काढता काढता शिरेतून काहीतरी दिलं आणि मी झोपले. त्याचं पहिलं रडणं मला आठवत नाही.

आता परत सीझरच करू म्हणतात. ठाण्याच्या नणंदेला गेल्या वर्षी 'रोपिवॅकेन' नावाचं नवं औषध दिलं होतं, ती संध्याकाळी उठून चालली. ती म्हणते, तू तेच माग, जुनं औषध हृदयाला वाईट असतं. सासूबाई म्हणतात, विंचू चावलेल्याला भूल चढतच नाही, औषध कुठलं का असेना. मला लहानपणी दोनदा विंचू चावलाय, एकदा गडग्याजवळ, एकदा लाकडं काढताना. आई म्हणते, कमरेत सुई नकोच, जन्माची पाठदुखी लागते. तारीख गणपतीच्या आसपास आहे. कोणाचं ऐकू?

– एक वाचक

तुझं पत्र दोनदा वाचलं. (तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची.) घरात तीन बायकांची तीन मतं आहेत आणि तिघींचंही थोडंथोडं खरं आहे, हीच पंचाईत. पण त्या तिघींच्या आधी तुझं स्वतःचं म्हणणं घेऊ. तुला दुखलं. हे मी जसंच्या तसं खरं धरते. ओढणं आणि दुखणं यातला फरक टेबलावरच्या बाईला चांगला कळतो, तो कळत नसेल असं आम्हा डॉक्टरांनाच वाटत असतं.

मी २७ वर्षं भूल देते आहे, बहुतेक सगळी चिपळूण, खेड, दापोली या पट्ट्यातल्या दहा-पंधरा खाटांच्या हॉस्पिटलांत. सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र सांगते. पावसाळा, लाइट गेलेली, थिएटर जनरेटरवर. कमरेत इंजेक्शन देऊन चार मिनिटं झाली असतील. बाळाचे ठोके उतरले होते, सर्जन घाईत. मी स्पिरिटचा बोळा बेंबीजवळ टेकवला, 'गार लागतंय?' विचारलं, ती 'नाय' म्हणाली आणि मी मान हलवली. बेंबीच्या वर मी तपासलंच नाही. पुढची वीस मिनिटं ती 'आई गो' करत होती आणि मी तिच्या कपाळावरून हात फिरवत होते, जसं काही हात फिरवणं हेच माझं काम. बाळ रडलं, सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी खाटेशी गेले तर तिनेच माझी समजूत काढली. औषध तेच होतं जे आजही मी जवळजवळ रोज वापरते. चुकलं होतं ते माझं.

म्हणून उत्तर आधी देऊन टाकते, मग फोड करते. रोपिवॅकेन मागू नकोस. तुझ्या बाबतीत तर नकोच. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

कमरेतल्या भुलीत, जिला आम्ही स्पायनल म्हणतो, सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली जाते. तिथे नुसत्या नसांचा झुबका असतो आणि त्याभोवती पाणी. त्या पाण्यात जेमतेम दोन-सव्वादोन मिली औषध सोडायचं. आपल्याकडे सीझरसाठी ते बहुतेक ठिकाणी 'हेवी' बुपिवॅकेन असतं, ०.५ टक्क्याचं, म्हणजे एका मिलीत ५ मिलिग्रॅम. सोबत दर मिलीला ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, साखरच. 'हेवी' हे नाव त्या साखरेमुळे. पाण्याच्या ग्लासात कोकमाचं आगळ ओतून बघ, ढवळलं नाहीस तर ते तळाशी जाऊन बसतं. हे औषधही तसंच उताराकडे धावतं. तू उताणी झोपलीस की कमरेचा बाक उंचावर येतो आणि पाठीचा मधला भाग खोलगट होतो. औषध त्या उतारावरून छातीच्या मागच्या खोलगटीत जाऊन थांबतं. टेबल डोक्याकडे थोडं खाली-वर केलं की ते कुठवर जावं हे काही मिनिटं आमच्या हातात असतं. साखर नसलेल्या औषधाचं असं नसतं. अंगाच्या उष्णतेला ते त्या पाण्यापेक्षा किंचित हलकं ठरतं, एकीला छातीपर्यंत चढतं, दुसरीला बेंबीशी अडतं. सीझरसाठी हेवी आणि साधं बुपिवॅकेन यांची तुलना करणारा, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेचा आढावा २०१६ साली आला. त्यात हेवी औषध हव्या त्या पातळीला लवकर पोचतं, असं दिसलं. अभ्यास लहान होते, पण रोजचा अनुभव त्याच बाजूचा आहे. औषधाच्या नावापेक्षा त्यातल्या साखरेने जास्त फरक पडतो, हे नणंदेला सांगितलंस तर ती हसेल.

आता तिचा 'हृदयाला वाईट' हा मुद्दा. तो हवेतून आलेला नाही. बुपिवॅकेनचा रेणू दोन रूपांत असतो, चपलांच्या जोडासारखा, एक डावा, एक उजवा. बाटलीत दोन्ही निम्मे निम्मे. त्यातला उजवा हृदयाच्या पेशींना जास्त चिकटतो आणि लवकर सोडत नाही. १९७९ साली आल्ब्राइट नावाच्या अमेरिकी भूलतज्ज्ञाने लिहिलं की अशी तीव्र औषधं चुकून शिरेत गेली तर हृदय बंद पडतं आणि परत चालू करणं कठीण जातं. पुढे एपिड्युरलमध्ये, म्हणजे कमरेत बारीक नळी ठेवून देतात त्या भुलीत, बाळंतिणींना ०.७५ टक्क्याचं बुपिवॅकेन देऊ नये अशी ताकीद तिथे निघाली. त्यानंतर कंपन्या फक्त डाव्या चपलेच्या मागे लागल्या. त्यातून रोपिवॅकेन आणि लेव्होबुपिवॅकेन आली. दोन्ही चांगली औषधं आहेत, एपिड्युरलला आणि हातापायाच्या नसा बधिर करायला मी स्वतः आवडीने वापरते.

पण हिशेब कर. एपिड्युरलने सीझर करायचं तर ०.५ टक्क्याचं २० मिली, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषध लागतं. स्पायनलला ११ मिलिग्रॅमच्या आसपास. एवढंसं औषध समजा सगळं चुकून शिरेत गेलं तरी हृदयाला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. ज्या धोक्यासाठी नवी औषधं निघाली तो धोका स्पायनलमध्ये मुळातच नगण्य आहे. नणंदेची माहिती खरी आहे, फक्त ती शेजारच्या घरची आहे.

लेव्होबुपिवॅकेन स्पायनलला दिलं तर ते जवळपास बुपिवॅकेनसारखंच वागतं, पाय थोडे लवकर मोकळे होतात इतकंच. रोपिवॅकेन जरा वेगळं. त्याच्या रेणूची शेपटी आखूड आहे, चरबीत ते कमी विरघळतं, म्हणून जोरही कमी. सीझरला ते १५ ते २० मिलिग्रॅम लागतं, साखरेविना असेल तर त्याहूनही जास्त. बीपी थोडं कमी पडतं, पायांतली ताकद लवकर परत येते आणि भूलही लवकर उतरते. आता हे शेवटचं तुझ्यासाठी बघू. तुझं हे दुसरं सीझर. पहिल्या वेळच्या टाक्यांजवळ गर्भाशय, मूत्राशय आणि पोटाचे पडदे एकमेकांना चिकटलेले असू शकतात, ते सोडवत जायला वेळ लागतो. ४० मिनिटांचं काम कधी दीड तासावर जातं. हेवी बुपिवॅकेनवर शस्त्रक्रियेपुरती भूल साधारण दीड ते दोन तास टिकते. लवकर उतरणारी भूल जिच्या पोटात आधीच एक टाका आहे तिने आपणहून का मागावी? पहिलटकरणीला, झटपट हाताच्या सर्जनकडे, रोपिवॅकेन छान चालेल. नणंद त्यातलीच असावी. आणि ती संध्याकाळी चालली त्याचं श्रेय औषधाला पूर्ण देऊ नकोस. सकाळी सीझर झालेली बाई जुन्या औषधावरही दुपारी पाय उचलते आणि संध्याकाळी आधाराने चालते. पूर्वी चोवीस तास सपाट निजवून ठेवायचो ते आमच्या भीतीपोटी.

बाकीच्या औषधांबद्दल फार लिहीत नाही. मी शिकत होते तेव्हा ५ टक्क्याचं हेवी लिग्नोकेन सर्रास वापरायचो. तासाभरात उतरायचं आणि काहींना दुसऱ्या दिवशी ढुंगण-मांड्यांत जळजळीत कळा यायच्या, दोन-चार दिवसांत जायच्या. १९९३ च्या सुमाराला त्यावर लिहिलं जाऊ लागलं आणि ते मागे पडलं. क्लोरोप्रोकेन तर सीझर पुरं होण्याआधीच उतरायला लागेल, ते छोट्या कामांचं.

मग मागायचं काय?

पहिलं, फेंटानिल. हे नाव लक्षात ठेव, रोपिवॅकेनचं विसरलीस तरी चालेल. सीझरमध्ये कातडीचं दुखणं बुपिवॅकेन सहज थांबवतं. पण गर्भाशय ओढतात, पोटाचा आतला पडदा पुसतात, तेव्हा आतून उठणारी जी कळ असते ती थांबवायला नुसतं बुपिवॅकेन कधीकधी पुरत नाही. त्यात १० ते २० मायक्रोग्रॅम फेंटानिल घातलं की ती कळ बऱ्याच अंशी दबते. मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. सिरिंजमध्ये ते थेंबांत मोजावं लागतं. थोडी खाज सुटते, तेवढी सोसायला हरकत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं, तेव्हा शंभरातल्या पंचाण्णव बायकांना पुरेल असा हेवी बुपिवॅकेनचा डोस ११ मिलिग्रॅमच्या जरा वर निघाला, तोही फेंटानिल आणि मॉर्फिन सोबतीला असताना. बीपी फार पडू नये म्हणून डोस आठ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्याचा मोह आम्हाला होतो, विशेषतः बाई ठेंगणी असली की. बीपी सांभाळलं जातं, पण दुखण्याची शक्यता वाढते. तुझ्या वेळी असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, कागद पाहिल्याशिवाय कुणीच म्हणू नये. सुई अर्धी आत अर्धी बाहेर राहून औषध वाया जातं, सुईच्या टोपीतून गळतं, एकाच बाजूला जातं, कारणं बरीच.

अडचण अशी की फेंटानिल आणि मॉर्फिन ही नार्कोटिक, म्हणजे अफूच्या कुळातली औषधं. ती ठेवायला हॉस्पिटलला मान्यता लागते, कुलूपबंद कपाट लागतं, एकेका अँप्युलची नोंद लागते. अशा औषधांसाठीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये बदल करून हे सोपं केलं, तरी छोटी हॉस्पिटलं त्या कटकटीत पडत नाहीत. आडगावात कितीदा तरी असं झालंय की बुपिवॅकेन कपाटभर, फेंटानिलचा पत्ता नाही. तेव्हा हे आधी विचारून ठेव. 'मणक्यात देताना सोबत फेंटानिल असतं का?' एवढं सरळ विचार. नसलं तर दुसरं काही मिसळतात का, ते ऐकून घे.

दुसरं, तपासणी. चाकू लागण्याआधी भुलीच्या डॉक्टरांनी तुला दोन्ही बाजूंनी, मांडीपासून वर छातीपर्यंत, तपासलं पाहिजे. बर्फ, स्पिरिटचा बोळा, सुईचं टोक, नुसता हलका स्पर्श. गारवा वरपर्यंत कळेनासा व्हावा, स्तनांच्या बोंडांच्या रेषेपर्यंत. आणि हलका स्पर्शसुद्धा त्याच्या जरा खालपर्यंत कळता कामा नये. गारवा कळत नाही म्हणून स्पर्शही कळत नसेल असं नसतं, आणि दुखण्याशी जास्त नातं स्पर्शाचं आहे. मी त्या रात्री नेमकं हेच केलं नव्हतं. पाय सरळ ठेवून उचलून बघायला सांगतील, उचलता येऊ नये. तुला जर कुठे एका बाजूला कळत असेल तर मोठ्याने सांग, 'डावीकडे कळतंय.' भिडेखातर 'नाही' म्हणू नकोस. पाच-दहा मिनिटं थांबून, टेबल वाकवून, पातळी वर नेता येते. नाही गेली तर डॉक्टर पुढचं ठरवतील, पण चाकू लागल्यावर नव्हे, आधी.

तिसरं, दुखलंच तर काय करणार हे आधी ठरवून घे. ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं, घागरीत हात घालून कुणी तळाशी काही चाचपतंय असं वाटेल. ते चालेल, ते सगळ्यांना वाटतं. दुखता कामा नये. दुखलं तर सर्जनना थांबवायचं, शिरेतून औषध द्यायचं, आणि तरीही दुखत असेल तर पूर्ण भूल. २०२२ साली ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांनी यावर मार्गदर्शन लिहिलं. त्याचा गाभा एवढाच की बाई दुखतंय म्हणाली की ते खरं मानायचं आणि उपाय द्यायचा. असं काही लिहून काढावं लागलं याची मला आमच्या धंद्याची म्हणून लाज वाटते, पण लिहिलं हे बरं झालं.

चौथी गोष्ट तुझ्यासाठी खास. आधी एकदा भूल अपुरी पडलेली आहे, पोटात चिकटलेलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा स्पायनलसोबत एपिड्युरलची नळी ठेवणं हा चांगला मार्ग. स्पायनल कमी पडली किंवा काम लांबलं तर नळीतून औषध वाढवता येतं. याला सामान आणि हात दोन्ही लागतात, प्रत्येक ठिकाणी होणार नाही. जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात विचारून बघ.

आता सासूबाई. शहरातल्या माझ्या बॅचमेटना हे सांगितलं तर ते हसतात, मी हसत नाही. विंचवाचं विष शरीरातल्या सोडियमच्या दारांवर काम करतं, नसांच्या भिंतींत ही बारीक दारं असतात. भुलीची ही सगळी औषधंही त्याच दारांना कुलूप लावतात. विष ते दार उघडं धरतं, औषध ते बंद करतं. एकदोनदा विंचू चावून गेलेल्यांना स्पायनल चढलीच नाही किंवा अर्धवट चढली, असे अनुभव आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांनी छापून आणले आहेत. रुग्ण थोडे, कारण नक्की सिद्ध झालेलं नाही, विंचू चावलेल्या बहुतेकांना भूल नीट चढते. मी स्वतः अशा कितीतरी बायकांना दिली आहे. पण विंचवाकडे आपण कोकणातल्यांनी दुर्लक्ष करावं अशी स्थिती नाही. लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ती वाचवली आणि १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तालुक्याच्या गावातून केलेलं निरीक्षणही जगाला उपयोगी पडतं, एवढं त्यातून मी घेतलं.

तुझ्यासाठी याचा उपयोग दोन प्रकारे. एक, हे भुलीच्या डॉक्टरांना नक्की सांग. 'दोनदा विंचू चावलाय आणि मागच्या वेळी स्पायनलमध्ये दुखलं,' ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की कुठलाही शहाणा डॉक्टर तपासणीला जास्त वेळ देईल. ते कदाचित विचारतील, दाताला इंजेक्शन घेतलं होतंस का, हिरडी बधिर झाली होती का? आठवून ठेव. दोन, सासूबाईंचं खरं ठरलं तर तो अडथळा कुठल्याही नावाच्या औषधाला येईल, कारण सगळी त्याच दारावर जातात. रोपिवॅकेन आणलं म्हणून विंचू हरणार नाही. म्हणजे सासूबाई आणि नणंद यांच्यात या मुद्द्यावर मी सासूबाईंच्या बाजूची, हे त्यांना सांगायला हरकत नाही. घरात शांतता नांदेल की नाही ते मात्र तू बघ.

आईचं थोडक्यात. सुई टोचलेल्या जागी चार-सहा दिवस ठणकतं, खरं. पण वर्षानुवर्षांची पाठदुखी त्या सुईने येते असं तपासून पाहिलेल्यांना आढळलेलं नाही. भूल न घेता बाळंत झालेल्यांच्याही पाठी तितक्याच दुखतात. नऊ महिने पुढे ओढलेलं पोट, सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, महिन्याभरात परत हंडा-कळशी. सुईचं नाव होतं कारण ती आठवते. सुईमुळे खरंच होतं ते डोकं दुखणं, उठून बसलं की वाढणारं, आडवं झालं की उतरणारं. १८९८ साली आउगुस्ट बीअर या जर्मन सर्जनने कोकेन वापरून पहिली स्पायनल दिली, मग स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली आणि नंतर बरेच दिवस डोकं धरून पडून राहिला. आता पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुया आल्यात, २५ किंवा २७ नंबरच्या, त्यांनी हे पुष्कळ कमी झालंय. अशी सुई वापरता का, हा प्रश्न औषधाच्या नावापेक्षा कितीतरी कामाचा. घरी गेल्यावर असं डोकं दुखलं तर चार दिवस अंगावर काढू नकोस, फोन कर.

टेबलावर मळमळलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेही लगेच सांगायचं. बीपी पडत असतं, औषधाने लगेच वर येतं. उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन डावीकडे कलवतील, घाबरू नकोस. रक्त पातळ व्हायची इंजेक्शनं पोटात घेत असशील तर ती कधी थांबवायची हे आधी विचार. कमरेत सुई घालण्याआधी त्यात ठरावीक तासांचं अंतर लागतं.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, मीच टाकते. सीझरच का, हे तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकदा विचार. आधीचं कशासाठी झालं होतं यावर बरंच अवलंबून असतं. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा तर अर्ध्या तासात सीझर करता येईल अशा ठिकाणीच, हेही ते सांगतील.

गणपतीचं म्हणशील तर हीच मला सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट आहे. चाकरमानी उतरले की महामार्ग कसा होतो तुला माहीत आहे. गुहागर ते चिपळूण एरवी सव्वा-दीड तास, त्या आठवड्यात देवाच्या हवाली. रात्री दोनला कळा सुरू होऊन धावपळीत केलेल्या स्पायनलला तपासणीची ती पाच-दहा मिनिटं मिळत नाहीत, आणि आधीच्या टाक्यावर कळा सुरू होणं तसंही बरं नाही. ३९ व्या आठवड्यातली दिवसाची वेळ ठरवून घे आणि चतुर्थीच्या आसपास असेल तर दोन दिवस आधीच हॉस्पिटलच्या जवळ कुणाकडे राहायला जा. आरतीला नवरा नसला तर बाप्पा समजून घेईल. आणि येत्या आठवडाभरातच भुलीच्या डॉक्टरांची वेगळी भेट माग. छोट्या ठिकाणी ते थेट थिएटरातच भेटतात, तोवर फार उशीर झालेला असतो. जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. आधीच्या भुलीचा कागद मिळत असेल तर त्या हॉस्पिटलातून माग, तो तुझा हक्क आहे.

आदल्या रात्री जेवून घे. सकाळची पेज मात्र नाही. पेज हे अन्न धरायचं, सहा तास आधी बंद. साधं पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो.

झालं की कळव, बाळ कसं आहे ते आणि विंचवाचं काय निघालं तेही. दंशाचं वय, किती वेळा, स्पायनल कुठवर चढली, असं मी एका जुन्या वहीत लिहून ठेवते. तुझं पान कोरं सोडलं आहे.